पूर्णविराम मिळाला नाही, बाकी काम चोख

हा अभिप्राय दगडावर हाताने अक्षरं कोरणाऱ्या एका कारागिराविषयी आहे. आधी पत्ता, कारण लोक तेवढंच विचारतात. साताऱ्याकडून येत असाल तर पाचवडला वाईकडे वळायचं. वाई यायच्या जरा अलीकडे डाव्या हाताला पत्र्याची शेड दिसते. बाहेर तुळशीवृंदावनं, दोन-तीन जाती, पाटे-वरवंटे आणि एक नंदी, ज्याला गेली दोन वर्षं मी बघतेय आणि अजून कान फुटलेले नाहीत. पाटी शोधू नका, पाटी नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरत आलेल्या माणसाच्या दुकानावर एक अक्षर नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "दगड दिसत्यात की रस्त्यावरनं." नाव आणि नंबर कुठे द्यायचा नाही असं त्यांनी मला बजावलंय, कारण मग फोन उचलावा लागतो. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते.

माझ्याविषयी एवढंच की मी 31 वर्षं मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफरीडिंग, केलं. सुरुवात खिळ्यांच्या छापखान्यात झाली, शेवट संगणकावर. माणसाचा चेहरा मी विसरते, पण त्याने ऱ्हस्व वेलांटी कुठे दीर्घ केली होती ते विसरत नाही. तेव्हा हा अभिप्राय जरा खडूस वाटला तर समजून घ्या.

आमचं घर वाईच्या पश्चिमेला, धोमच्या रस्त्यावर. आई ओट्यावर रांजण भरून ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. ती गेल्यावर भावंडांनी ठरवलं की त्याच जागी दगडी पाणपोई बांधायची आणि वर आईच्या नावाचा फलक लावायचा. बांधकाम गावच्याच गवंड्याने केलं. फलकाचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुला अक्षरातलं कळतं".

पहिला फलक मी पुण्यातल्या एका दुकानात करून घेतला. नाव घेत नाही, अशी दुकानं ढिगाने आहेत. काळा ग्रॅनाइट, त्यावर रबराचा कापलेला साचा चिकटवायचा, वाळूचा फवारा मारायचा, जिथे साचा उघडा तिथे दगड खरवडला जातो, मग त्यात सोनेरी रंग भरायचा. दोन दिवसांत काम तयार. मी मजकूर मोबाइलवर नीट टाइप करून पाठवला होता. त्यांनी तो पुन्हा स्वतः टाइप केला. का, ते देव जाणे. फलक आला तेव्हा वरच्या ओळीत ठळक सोनेरी अक्षरांत होतं: "स्मृतीप्रित्यर्थ".

हा शब्द "स्मृतिप्रीत्यर्थ" असा आहे. स्मृति ऱ्हस्व, प्रीति दीर्घ. या दुकानाने दोन्हीकडे उलटं करून दाखवलं होतं, म्हणजे सलग दोन वेलांट्या चुकवायच्या तर नशीबच लागतं. मी सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळे असंच लिहितात." आणि हे खरं आहे. महाराष्ट्रातल्या बाकांवर, पंख्यांवर, देवळांच्या फरश्यांवर, एसटी स्टँडच्या पाणपोयांवर सगळीकडे असंच आहे. तरी एक वेळ मी ते गिळलंही असतं. पण ओळ दगडाच्या रुंदीत पुरी बसावी म्हणून त्यांनी अक्षरं आडवी ताणली होती. र. कृ. जोशींनी संगणकाच्या पडद्यासाठी केलेला तो मंगल फॉन्ट, पडद्यावर बिचारा इमानेइतबारे काम करतो. त्याला रबरासारखं ताणून ग्रॅनाइटवर बसवलं की अक्षर दमा झाल्यासारखं दिसतं. वर "ल" हिंदीतला, दंडवाला. आपल्याकडे 2009 साली शासन निर्णय निघाला, त्यात पाकळीचा "ल" मराठीसाठी ठरवून दिलेला आहे. हे मी काउंटरवर सांगू लागले तेव्हा माझा भाचा मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. तो फलक सध्या पाण्याच्या टाकीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभा आहे.

मग गवंड्याने मामांचं नाव सुचवलं. फेब्रुवारीत गेले. मामा बहुधा साठीच्या पुढचे असावेत. एका गोणपाटावर मांडी घालून पाट्याला टाकी लावत होते. पूर्वी टाकी लावणारे दारोदार हिंडायचे. पाटा-वरवंटा, जातं गुळगुळीत झालं की छिन्नीने त्याला पुन्हा खरबरीत करून द्यायचे. मिक्सर आला आणि ते फिरणं संपलं. मामांच्या वडिलांचा तोच धंदा. "दगड बापाकडं शिकलो, अक्षर पेंटरकडं," असं ते म्हणाले. वाईत पाट्या रंगवणारे एक पेंटर होते, त्यांच्याकडे मामा पोरवयात डबे धुवायला जायचे. पुढे फ्लेक्स आले आणि पेंटरचं दुकान बंद झालं. त्यांचे चपटे ब्रश मात्र मामांनी मागून घेतले. ते अजून एका डालडाच्या डब्यात उभे आहेत, केस जवळजवळ संपलेले. आमची पिढी कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं बघत वाढली, त्यामुळे ब्रशचं अक्षर मला दुरून ओळखू येतं. मामांच्या शेडमध्ये भिंतीच्या पत्र्यावर गेरूने काढलेला नुसता एक "अ" होता. मी तिथेच मनात ऑर्डर देऊन टाकली.

पण मामा ऑर्डर लगेच घेत नाहीत. आधी प्रश्न. फलकाचं तोंड कुठल्या दिशेला? वर छत आहे का? वाचणारा उभा असणार का बसलेला? मी म्हटलं, तोंड पूर्वेला, वर जरासा छज्जा, वाचणारा ओंजळीने पाणी पिणारा. त्यावर ते म्हणाले की पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन तेवढं मिळणार, दुपारी अक्षर मरतं, म्हणून खोल घ्यावं लागेल. मला हे कळायला वेळ लागला. खोदीव अक्षराला रंग नसतो. खोबणीच्या एका भिंतीवर ऊन पडतं, दुसरीवर सावली, आणि अक्षर दिसतं ते त्या सावलीमुळे. समोरून सपाट उजेड आला की तेच अक्षर पुसल्यासारखं होतं.

मग मी मजकुराचा कागद दिला. आईचं पूर्ण नाव, तिच्या नावाआधी कै., "यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ" (बरोबर), आम्हा चार भावंडांची नावं, जावयांची नावं, उद्घाटनाची तारीख, "हस्ते" कोणाचे ते, आणि शेवटी तहानलेल्याला पाणी देण्याविषयी एक ओळ, जी धाकट्या भावाने कुठूनतरी आणली होती. मामांनी तो कागद लांब धरून वाचला आणि बोटाने अक्षरं मोजली. त्यांचा दर अक्षरावर आहे: तीन इंची अक्षराला मला 300 रुपये लावले, काना-मात्रा फुकट, जोडाक्षर दीड धरतात. दगड, घासकाम वेगळं. आमचा मजकूर शंभरावर गेला. म्हणजे हिशेबाने तीस हजारांच्या वर. मी मनाची तयारी केली, आणि मामा म्हणाले, "ताई, हे कोरायचं न्हाय."

त्यांचं म्हणणं असं. दगड दोन फूट बाय दीड फूट. त्यात एवढी अक्षरं बसवायची तर अक्षर इंचाचं होणार. काळ्या पाषाणात हाताने इंचाचं अक्षर काढलं की "व"चं पोट, "थ"ची गाठ, "ष"ची तिरकी रेघ, सगळं ठिसूळ. आतला दगडाचा कण घाव बसला की सुटून येतो. आणि ओंजळीने पाणी पिणारा माणूस जावयांची नावं वाचत नाही.

इथे मला रायगड आठवला. जगदीश्वराच्या देवळाच्या दाराशी भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. चांगला लांब, वृत्तबद्ध, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे देऊळ टिको अशा अर्थाचा. त्यापुढे थांबून वाचणारे थोडे. आणि तिथल्याच एका पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर" आणि एक नाव. तेवढंच. ते शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. गंमत म्हणजे बोलताना आपण सगळे हिरोजी इंदुलकर म्हणतो आणि दगडावर आडनाव "इटळकर" असं आहे. माझ्या हातात ते प्रूफ आलं असतं तर मी नक्की पेन्सिलीने गोल केला असता. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशीही "श्रीचावुण्डराजें करवियलें", दोन शब्दांत काम संपलं. तिथेही करवून घेणाऱ्याचं नाव आहे, छिन्नी धरणाऱ्याचं नाही. मुद्रितशोधकाचं नावही पुस्तकात क्वचितच असतं, त्यामुळे मला याचं विशेष वाटलं नाही.

मामांनी विचारलं, "आई काय म्हणायच्या पाणी देताना?"

आई म्हणायची, "बस जरा, पाणी पी." सगळ्यांना. शेतावर जाणाऱ्या बायांना, बोहारणीला, एकदा मोजणीला आलेल्या साहेबालासुद्धा. साहेब बसला होता.

सात अक्षरं. 2100 रुपये. तीस हजारांचं काम मामांनी स्वतःच 2100 वर आणलं. मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले की तुमचे पैसे वाचवायला नाही सांगत, शंभर इंची अक्षरं काढून डोळे जातात.

घरी मात्र रामायण झालं. मोठ्या भावाला नावं हवी होती. ती मागच्या बाजूला घेऊ असं ठरलं, लहान अक्षरात, आईचं नाव आणि खाली "लेकरांकडून, चैत्र शके 1947". जावई वगळले, त्याची बोलणी मी अजून खातेय. धाकट्याचा आक्षेप "पी"वर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेरी कसं म्हणायचं, "प्या" करा. मी त्याला आठवण करून दिली की आईने कोणाला "प्या" म्हटलेलं मला माहीत नाही. मामांचं मत वेगळ्याच मुद्द्यावर होतं: "प्या" जोडाक्षर, दीड धरावं लागेल. "पी" राहिला.

माझी स्वतःची लढाई पूर्णविरामाची. "बस जरा" नंतर स्वल्पविराम किंवा पूर्णविराम, आणि शेवटी पूर्णविराम, याशिवाय वाक्य कसं सोडायचं? मामांनी साफ नकार दिला. दगडात टिंब म्हणजे भोक. त्यात पाणी साचतं, माती बसते, पोरं काडी घालतात. आणि "बस जरा" एका ओळीत, "पाणी पी" खालच्या ओळीत, ओळ मोडली की टिंब कशाला? मी 31 वर्षं लोकांना पूर्णविराम लावत आले, आणि या माणसाकडे उत्तर होतं, माझ्याकडे नव्हतं. जुन्या लेखांत दंड असतो, तो तरी द्या, म्हणून बघितलं. "काना वाटंल त्यो," म्हणाले. विषय संपला.

काम चालू असताना मी चार वेळा गेले. त्यांना फारसं आवडलं नाही, पण चहा दिला. दगड निवडण्यापासून बघितलं. मामा शिळेवर हातोडीने टिचकी मारल्यासारखं वाजवत जातात. खणखणीत वाजला तर दगड सलग, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर. शिवाय आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पांढरे ठिपके असतात. लाव्हारस थंड होताना अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या, पुढे त्यांत खनिजं भरली. मामा त्यांना "डोळे" म्हणतात. डोळा अक्षराच्या रेघेत आला की छिन्नी घसरते. त्यांनी दगड तीनदा उलटसुलट फिरवून असा धरला की सगळे डोळे शिरोरेषेच्या वरच्या मोकळ्या पट्टीत गेले. आता त्या पट्टीत चांदण्यासारखे चार ठिपके दिसतात आणि लोकांना ते मुद्दाम केलेले वाटतात.

पृष्ठभाग आधी मठारून, म्हणजे ठोकून सपाट करून, मग घासून काळा कुळकुळीत केला. दोरीने सूत मारून ओळी आखल्या. अक्षरं गेरूत ब्रश बुडवून थेट दगडावर काढली, कागद नाही, साचा नाही. एक "ज" पुसून पाच वेळा काढला.

"ण" कोरताना मी शेजारीच बसले होते, म्हणून तेवढं सांगते. आधी बारीक टोकाच्या छिन्नीने रेघेच्या मधोमध एक चर. मग चपटी छिन्नी तिरकी धरून एका बाजूची भिंत उतरवत चराच्या तळापर्यंत आणायची, मग दुसऱ्या बाजूची. दोन्ही भिंती खाली एका धारेत मिळाल्या पाहिजेत. हातोडीचा घाव मोठा नसतो. कुलूप वाजवावं तसा टक्टक्, सलग, एका लयीत, आणि छिन्नी घावागणिक केसभर सरकते. "ण"चा काना जिथे शिरोरेषेला मिळतो तो कोपरा धोक्याचा, दोन्हीकडून कोरलेलं असतं म्हणून टवका उडतो. तिथे मामांनी हातोडी बाजूला ठेवली आणि छिन्नी नुसत्या तळव्याने दाबून कण कण काढला. फुंकर, ओलं फडकं, डोळा जवळ नेऊन बघणं, पुन्हा. एका "ण"ला पाऊण तास. काळ्या पाषाणाची मजा म्हणजे घासलेला भाग काळा आणि कोरलेला भाग करडा पांढरा निघतो, सोनेरी रंगाची गरजच पडत नाही. टाकीचे घाव वगैरे म्हण इथे लिहायचा मोह मी आवरते आहे.

एक गोष्ट मला आधी खटकली. छापलेल्या मराठीत शब्दाची शिरोरेषा सलग असते. मामांनी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा जराशी सुटी ठेवली, गव्हाच्या दाण्याएवढी फट. सलग रेघ कोरली की नजर रेघेवरून घसरत जाते, अक्षरावर थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. फलक लागल्यावर वीस पावलांवरून बघितलं तेव्हा पटलं.

आता तक्रारी. तोंडावर मास्क नाही. ग्रॅनाइटची भुकटी वाईट, तिने छाती जाते, काळ्या दगडाची तेवढी नाही, असं ते सांगतात. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक जास्त, हे बरोबर आहे, पण म्हणून काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, भुकटी कोणी फुप्फुसात भरायला सांगितलेली नाही. मी मास्कची खोकी नेऊन दिली. पुढच्या वेळी ती खिळे ठेवायला वापरलेली दिसली. ग्राइंडर लावताना दगडावर पाणी सोडतात, तेवढं समाधान.

बिल मिळत नाही. वहीत लिहितात, रोख घेतात. दगड साधारण 80 किलोचा झाला. नेण्याची व्यवस्था आपली आपण करायची, चार माणसं आणि टेम्पो लागतो. मामा फक्त "कोपरा आपटू नका" एवढं सांगायला बाहेर येतात.

"स"मध्ये एक टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा. हे मला मामांनीच दाखवलं, मी बघितला नसता. कुठलाही लांबी-मसाला भरून लपवणार नाही, हवं तर सगळी ओळ आणखी खोल करून तो टवका खाऊन टाकतो, असं म्हणाले. मी राहू दिला. छापखान्यात असं प्रामाणिक कोणी भेटलं असतं तर माझी नोकरी सुखाची झाली असती.

आणि सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. गुढीपाडव्याला फलक हवा होता, त्यांनी फेब्रुवारीत होकार दिला होता. पाडवा गेला. फोन लागत नव्हता, लागला तर उचलत नव्हते. एकदा गेले तर शेडला कुलूप, शेजारच्या चहावाल्याने सांगितलं की छिन्न्या शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, लोहाराकडे गेलेत. दुसऱ्यांदा गेले तर जत्रेला. मागची बाजू त्यांनी आधी कोरून ठेवली होती, त्यावर "चैत्र शके 1947". पुढची बाजू पूर्ण झाली तेव्हा अक्षय तृतीया होऊन गेली होती. म्हणजे वैशाख. दगडावरचा महिना चुकीचा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड प्रूफ, आणि त्यात तारखेची चूक. मी हे मामांना जरा वरच्या पट्टीत सांगितलं. त्यांनी छिन्नी पुसत उत्तर दिलं, "चैत्र कोरला तवा चैत्रच हुता."

तर पाचपैकी चार. एक कापला तो वैशाखासाठी, पूर्णविरामासाठी नाही. घाई असेल, गृहप्रवेशाची तारीख ठरली असेल, उद्घाटनाला पुढारी येणार असतील तर इकडे फिरकू नका. ग्रॅनाइटवाला दोन दिवसांत देतो, फक्त टाइप करताना शेजारी उभे राहा. वेळ असेल तर जा. मजकूर छापून नेऊ नका, हाताने मोठ्या अक्षरात लिहून न्या, छापील कागद बघितला की ते कपाळाला आठ्या घालतात. फलक कुठल्या दिशेला लागणार ते होकायंत्रावर बघून जा. सकाळी दहानंतर असतात, दुपारी झोपतात, मोठ्या पावसात शेड बंद.

फलक लागून आता बरेच महिने झाले. परवा गेले तेव्हा एक शाळकरी पोरगा बोट "पाणी"च्या खोबणीतून फिरवत होता, मग "पी"च्या वेलांटीत. आणि "जरा"च्या पुढे, जिथे टिंब असायला हवं होतं, तिथे कोणीतरी खडूने एक टिंब दिलेलं होतं. मी नाही दिलं. भाचा म्हणतो मीच दिलं.